कडब्याच्या आतलं गवत

आमच्या बोरगव्हाणच्या लोकांना सरकारला फसवता येतं याचा फार अभिमान होता. निजामाच्या तहसीलदाराला फसवलं, गिरदावराला फसवलं, जंगलाच्या चौकीदाराला तर कोंबडी खाऊ घालून घालून फसवलं. पण शेवटी आपणच कसे अडकलो ते सांगायला गावात कोणी पुढं येत नाही. म्हणून मी सांगतो.

गावाच्या उगवतीला खापरीचा डोंगर आहे. फार उंच नाही. काळा दगड, दगडांच्या मधे मातीचे कोपरे आणि कुठं कुठं सालईचं एखादं झाड. फाल्गुनापासून पुढं त्याच्याकडं पाहिलं तर कोणालाही वाटेल की इथं काही उगवतच नाही. पोळ्याच्या सुमाराला मात्र त्याच डोंगरावर माणूस कमरेपर्यंत गवतात बुडतो. पवना, मारवेल, कुसळी. दिवाळीनंतर आम्ही ते वाट्यावाट्यानं कापून घरी आणतो, आणि गावची चारशे गुरं उन्हाळा निघेपर्यंत त्यावर जगतात. ज्वारीचा कडबा जोडीला असतो, पण निम्म्या रानात कपाशी असताना कडबा असून असून किती असणार?

निजामाच्या राज्यात डोंगरावर गुरं चारायची तर जनावरामागे बनचराई द्यावी लागे. माझ्या बापानं आणि त्याच्या बरोबरीच्या लोकांनी त्यावर तोड काढली. तपासणीचा माणूस उन्हाळ्यातच येणार, कारण पावसाळ्यात आमच्या चिखलातून घोडाही येत नसे. उन्हाळ्यात डोंगर उघडा. "सरकार, दगडाशिवाय काही नाही, गुरं बांधावर जगतात," असं हात जोडून सांगायचं. मग घरात रचलेलं गवत त्याला दिसायला नको, म्हणून ते कडब्यात लपवायचं. कडब्याची गंजी रचताना पोटात पोकळी ठेवायची, तिच्यात गवत दाबून भरायचं, बाहेरून कडब्याच्या पेंढ्या लावायच्या. मागच्या अंगाला खाली गुडघाभर भोक, त्याच्यावर बोरीची काटेरी फांदी. रोज फांदी सरकवून हात घालायचा आणि गवत ओढायचं. पुढून पाहणाऱ्याला नुसता कडबा. गावात नवी सून आली की चुलीच्या आधी तिला ते भोक दाखवत.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, बनचराई मागायलाही कोणी आलं नाही. तरी आमच्या गंज्या पोकळच राहिल्या. कशासाठी, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

छप्पन साली राज्यांच्या सीमा बदलल्या. किनवट मुंबईकडं गेलं, राजुरा गेलं, आम्ही आंध्रात गेलो. आपणही तिकडंच जाणार या भरवशावर लक्ष्मणराव पाटलांनी घराला चुना लावून घेतला होता. चुना वाया गेला. पुढच्या चैत्रात जीपमधून नवे साहेब आले. समुद्राकाठचे होते, तेलुगू बोलत, हिंदी अडखळत. त्यांच्याबरोबर आदिलाबादच्या कचेरीतले नरसिंगराव होते. ते आपल्यापैकीच, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले. उर्दू, तेलुगू, मराठी तिन्ही येत. ज्याच्याशी बोलतील त्याच्या भाषेत ते त्याचेच वाटत, आणि जीपमध्ये बसले की कोणाचेच नसत.

साहेबांनी खापरीकडं पाहिलं. मग नरसिंगरावांनी जुनं दफ्तर उघडून वाचलं, "कोह, संगलाख. घास नदारद." आणि आम्हाला मराठीत सांगितलं, "डोंगर खडकाळ, गवत नाही, असं लिहिलंय. बरोबर आहे ना?"

पारावर चाळीस माणसं होती. चाळीस मुंड्या हलल्या. त्यात माझी होती.

"एक काडी उगवत नाही साहेब," डोमाजी म्हणाला. हा माझा शेजारी. गावात सगळ्यात जास्त गुरं याची, आणि सगळ्यात मोठी गंजीही याचीच. "बापजन्मात पाह्यली नाई."

साहेबांच्या चेहऱ्यावर दया दिसली. ते तेलुगूत बोलत गेले आणि नरसिंगराव सांगत गेले. साहेबांना वाईट वाटतंय. असे मेलेले डोंगर त्यांच्याकडंही होते. तिथं आता काजू आहेत. सरकारनं योजना आणली आहे. या डोंगराला तारेचं कुंपण घालायचं, सात वर्षं आत जनावर सोडायचं नाही, काजू लावायचे. गावानं फक्त संमती द्यायची. ज्यांना पाहायचं असेल त्यांना साहेब स्वतःच्या गावाकडचे डोंगर दाखवायला नेतील.

साहेब गेल्यावर पारावर जो तो मनात हिशेब करू लागला. सात वर्षं. चारशे गुरं.

"आता काऊन गप बसले?" मी म्हणालो. "सांगा ना, गवत हाय म्हणून."

लक्ष्मणराव म्हणाले, "भगवानराव, डोकं हाय का ठिकाण्यावर? गवत हाय म्हटलं तर चाळीस वर्षं काय लपवलं ते बी सांगा लागल."

"देऊन टाका ना संमती," डोमाजी म्हणाला. "सरकार तार लावते म्हणते. लावते का? त्या विहिरीचं म्हणून गेले होते, खोदली का कोणी?"

या युक्तिवादावर गाव खूश झालं. आठव्या दिवशी कचेरीची दोन माणसं येऊन डोंगराच्या पायथ्याशी अंतराअंतरावर चुन्याचे ठिपके मारून गेली. मग खुशी थोडी उतरली. सहलीला कोणाला पाठवायचं असा विषय निघाला तेव्हा मला पाठवायचं ठरलं, कारण प्रौढांच्या वर्गात बसून मी बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो होतो आणि स्टेशनांची नावं वाचू शकत होतो. माझ्यावर नजर ठेवायला डोमाजीला दिला.

आदिलाबादहून छोट्या गाडीनं मुदखेड, तिथून सिकंदराबाद, तिथून मोठी गाडी. पाच-सहा गावांची बारा माणसं आणि नरसिंगराव; साहेब आधीच पुढं गेले होते. स्टेशनांच्या पाट्या माझ्या अक्षरांत नव्हत्याच. डोमाजी प्रत्येक ठिकाणी विचारी, "कोन्तं आलं?" आणि मी मनाला येईल ते नाव सांगे. त्याला फरक पडला नाही.

विशाखापट्टणमला उतरलो. समुद्र पाहिला. त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाही; पाणी पुष्कळ आहे आणि घोटभर पिता येत नाही. लोक तासन्‌तास त्याच्याकडं काय पाहतात कोण जाणे. मी पाहिले ते त्याच्या पाठीमागचे डोंगर.

एवढं मोठं शहर, गोदी, धूर सोडणाऱ्या बोटी, आणि तिन्ही बाजूंना उघडे लाल डोंगर. एक तर थेट समुद्रात तोंड घालून बसलेला, डोहात उतरलेल्या रेड्यासारखा. आमचा दगड काळा आणि निबर. तिकडची माती विटेच्या चुऱ्यासारखी. पावसानं तिला वरून खालपर्यंत चिरलेलं. चरांमध्ये माणूस उभा राहील इतकी खोली. पायथ्याला घायपात, निवडुंग, विरळ ताड. वर काही नाही. वारा खारट आणि ओला, अंगाला चिकटणारा. तो त्या डोंगरावरून लाल धूळ उचलून शहरात आणून टाकी, आणि शहर ती झाडून परत रस्त्यावर टाकी.

मी एका चढावर बसलो आणि हातानं उकरून पाहिलं. आमच्याकडं भर वैशाखात खापरीवर एखादा वाळका ठोंब उपटला तर वरून तो राखेसारखा असतो, पण मूळ दातानं चावलं की पांढरं आणि ओलं लागतं. इथं वीतभर उकरलं तरी मूळच लागेना. नुसती खडी. हा डोंगर झोपलेला नव्हता, मेलेला होता.

का मेला ते थोड्या वेळानं कळलं. वरून बायका उतरत होत्या, डोक्यावर जळणाचे भारे. भारे कसले, बोटाएवढ्या काटक्या आणि त्यांत उपटलेल्या मुळ्यासुद्धा. एक म्हातारी आमच्याजवळ भारा टेकवून बसली. मी नरसिंगरावांना म्हणालो, "इचारा तिले, कुठून आणते."

त्यांनी विचारलं. म्हातारीनं हातानं दाखवत सांगितलं आणि नरसिंगरावांनी आम्हाला सांगितलं. तिची सासू या पहिल्या डोंगरावर तोडायची. ती सून होऊन आली तेव्हा दुसऱ्या डोंगरावर जावं लागे. आता तिसऱ्याच्या पलीकडं. सगळं शहरातल्या चुलींत गेलं. आणि मधल्या टेकडीला काजूसाठी तार लावल्यापासून वळसा घालावा लागतो, तो कोसभर निराळा.

आम्ही काजूचे डोंगर पाहायला आलोय हे कळल्यावर तिनं आम्हाला काहीतरी विचारलं. नरसिंगराव हसले. "म्हणते, तुमचा डोंगर कोणी खाल्ला?"

मी तोंड उघडायच्या आत डोमाजी म्हणाला, "सांगा तिले, आमचा जन्मापासूनच असा हाय."

त्या म्हातारीशी खोटं बोलायची काय गरज होती? ती काही बनचराई मागायला येणार नव्हती. पण आमचा माणूस परक्या मुलखात, समुद्राच्या काठावर, जळणाच्या मोळीवाल्या बाईपुढंही आपल्या डोंगरावर गवत आहे म्हणायला तयार नाही. तिनं डोमाजीकडं पाहून चुकचुक केलं आणि भारा उचलून चालती झाली. आमच्यावर दया करणारी ती दुसरी.

दुपारी साहेबांनी त्यांची टेकडी दाखवली. तारेच्या आत खरोखर झाडं होती, बुटकी, पसरट, दाट पानांची. पिवळी-तांबडी फळं लागलेली. साहेब म्हणाले, मी लहान असताना इथं शेळीला उभं राहायला सावली नव्हती, माझ्या मामानं घागरी वाहून पहिली चाळीस रोपं जगवली. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. नरसिंगरावांनी मराठीत सांगताना आवाज बदलला नाही.

तेव्हा मला सगळा घोटाळा समजला. हा माणूस लबाड नव्हता. मेलेल्या डोंगरांत वाढला होता, म्हणून उघडा दिसला तो डोंगर त्याला मेलेलाच वाटे. आणि तो मेलाच आहे असा लेखी दाखला आम्ही त्याला दिला होता. त्याला खरं सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी सांगितलं नाही. डोमाजी शेजारी होता, इतर गावांची माणसं होती, आणि मामाच्या घागरी ऐकल्यावर लगेच 'आम्ही खोटं बोललो' म्हणायला जीभ उचलली नाही. गावाला नावं ठेवतो तर हेही लिहायला पाहिजे.

साहेबांची पाठ वळली तशी डोमाजीनं एका फळाखालची हिरवी बी तोडली आणि दाताखाली धरली. काजूच्या ओल्या सालीत चीक असतो, तो आगीसारखा पोळतो, हे त्याला कोण सांगणार? ओठ सुजून वांग्यासारखे झाले. परतीच्या वाटेत तीन दिवस त्याला बोलता आलं नाही. त्या सहलीत मला झालेला आनंद तेवढाच.

गावात आल्यावर मी पारावर उभं राहून सांगितलं. "तो डोंगर मेलेला हाय, म्हणून तिथं तार चालते. आपला जिता हाय. तार लागली तर पह्यल्या दिवाळीलेच अर्धी गुरं बाजारात न्या लागन. साहेब पंधरा दिवसांनी संमती घ्याले येते. त्याच्यासमोर गंज्या उघडू. आतलं गवत दाखवू. दुसरा पुरावा नाई आपल्याजवळ."

"सगळ्याईनं उघडायच्या?" कोणीतरी मागून विचारलं.

"सगळ्याईनं. एका गंजीचं गवत बांधावरचं बी असू शकते. चाळीस गंज्यांचं डोंगराचंच."

लक्ष्मणराव म्हणाले, "मग साहेब म्हणन, गवताचं खोटं बोलले तर वावराचं काय काय खोटं बोलले? तुमचं ते ओढ्याकाठचं रान पडीक म्हणून लिहेल हाय का नाई, भगवानराव?"

होतं. त्यांचंही होतं. पारावरच्या प्रत्येकाचं काही ना काही होतं. सगळे आपापल्या चपलांकडं पाहू लागले.

डोमाजीचे ओठ आता बरे झाले होते. "माझ्या गंजीत तर गवतच नाई," तो म्हणाला. "निरा कडबा."

हे तो ज्यांच्यासमोर म्हणाला त्यांच्यातल्या निम्म्यांनी ती गंजी रचायला हात लावलेला होता. तरी कोणी हसलं नाही. दुसराही म्हणाला, माझ्याही नाही. तिसराही. चार माणसं बोलेपर्यंत बोरगव्हाणात गवत उरलं नव्हतं.

ठरल्या दिवशी साहेब आले ते जीपच्या मागं मालमोटार घेऊन. मोटारीत तारेची वेटोळी आणि लोखंडी खांब. सरकार सांगतं ते करतही असतं, ही शक्यता कोणी धरलीच नव्हती.

नरसिंगरावांनी संमतीचा कागद पाराच्या कट्ट्यावर पसरला. लक्ष्मणराव खिशात चष्मा शोधू लागले. चष्मा नाकावर होता. मी साहेबांपुढं गेलो आणि म्हणालो, "माझ्या घरी चला. काही दाखवायचं आहे."

माझी बायको बयनाबाई आकडी घेऊन गंजीजवळ उभीच होती. मी तिला सकाळी एवढंच म्हणालो होतो की आज गंजी फोडायची. "फोडा," ती म्हणाली होती, "रोज काटे टोचून टोचून माह्या हाताची चाळण झाली." साहेब आल्यावर तिनं पुढून आकडी मारली आणि कडब्याच्या पाच-सात पेंढ्या ओढल्या. आतून पिवळं गवत बाहेर घरंगळलं.

"खापरीचं आहे," मी म्हणालो. "डोंगरावर गवत होतं. आम्ही खोटं बोललो."

नरसिंगरावांनी तेलुगूत सांगितलं. साहेबांनी मूठभर गवत उचललं, चोळलं, हुंगलं. मग म्हणाले ते नरसिंगरावांनी सांगितलं, "हे शेताच्या बांधावरचं असेल. इतकी वर्षं सगळं गाव म्हणतंय नाही, आणि आता तुम्ही एकटे म्हणता आहे. तुमची डोंगरावर नजर आहे का?"

"बरोबर बोलले साहेब," मागून डोमाजी म्हणाला. "याची मती फिरेल हाय. समुद्राचं वारं लागलं."

मला राग आला, पण आता माणसांकडून काही होणार नव्हतं. मी साहेबांना म्हणालो, "दिवस मावळतीला आला. गुरं परत येतील. तेवढं थांबा. गुरांनी मला खोटं ठरवलं तर संमतीवर सही करतो."

साहेब थांबले. बयनाबाईनं चहा केला. गावाला माझा बेत कळला तेव्हा उशीर झाला होता. खाली ओढ्यावरून धूळ उठलेली दिसत होती.

आमची गुरं उन्हाळ्यात दिवसभर रानात भटकून रिकाम्या पोटी येतात. वेशीतून आत शिरली की गोठ्यात जात नाहीत. प्रत्येक गाय आपल्या घरची गंजी ओळखते, गंजीचं मागचं अंग ओळखते, आणि तिथं जाऊन बोरीच्या फांदीपुढं मान घालून उभी राहते. गवत टाकेपर्यंत हलत नाही. वासरं आईच्या मागून हे शिकतात. त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं की ही गोष्ट सरकारपासून लपवायची आहे.

गुरं आली. साहेब पुढं, मी मागं, नरसिंगराव धोतर सावरत त्यांच्या मागं. पहिलं घर तुळजाबाईचं. तिच्या दोन गाई सरळ गंजीमागं गेल्या. एकीनं शिंगानं फांदी बाजूला केली आणि भोकात तोंड घातलं. तुळजाबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. साहेब वाकले, भोकात हात घातला आणि मूठभर गवत काढलं. दुसरं घर, तिसरं घर. सगळीकडं तेच. लक्ष्मणराव पाटलांच्या चुना लावलेल्या भिंतीमागं सहा म्हशी रांगेनं उभ्या होत्या, आदबीनं, जणू त्यांना कचेरीत बोलावलं होतं.

डोमाजी धावत पुढं गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो स्वतःच्याच गंजीभोवती स्वतःच्याच गुरांना काठीनं हाकलत फिरत होता. एक हाकलली की दुसरी मागून येई. तीस जनावरं आणि एक माणूस.

"हट्! हट् तुझ्या मायले! कडबा हाय तो, कडबा!"

"कोणाले सांगून राह्यला डोमाजी?" मी विचारलं. "गाईले का साहेबाले?"

तेवढ्यात त्याच्या तांबड्या बैलानं भोकात मान घातली आणि झटक्यानं मागं ओढली. गंजीचं एक अंग ढासळलं. डोमाजी गुडघ्यापर्यंत गवतात उभा राहिला. मग त्याची बायको सोजरबाई दारातून म्हणाली, "सोडा आता. बैलानं बी सांगून टाकलं." गावातली बायामाणसं हसली. आमच्यापैकी हसायच्या लायकीचं दुसरं कोणी नव्हतंच.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते पारावर बसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "मैं तो आप लोगों का भला सोचा।" नंतर नरसिंगरावांना काही सांगितलं. नरसिंगरावांनी मराठीत नवा कागद लिहिला: पूर्वीची नोंद गावकऱ्यांनी जाणूनबुजून चुकीची दिली होती, खापरीचा डोंगर चराईचा आहे, संमतीची योजना इथं लागू करू नये. खाली पंचांनी सह्या कराव्यात.

लक्ष्मणरावांना मोडी लिहिता येत होती. त्या दिवशी त्यांचा चष्मा पुन्हा हरवला. इतरांनी अंगठा द्यायलाही हात पुढं केले नाहीत. मी कागद अक्षर अक्षर लावून वाचला, 'जाणूनबुजून' हा शब्द दोनदा वाचला, आणि सही केली. चाळीस घरांच्या खोटेपणाखाली माझं एकट्याचं नाव. डोंगर वाचला. त्या संध्याकाळपासून गावातल्या कोणी मला तंबाखू विचारली नाही.

तार मात्र परत गेली नाही. मंजूर होऊन आलेली तार परत नेली तर वर जाब द्यावा लागतो. खापरीच्या पलीकडं जामगुड्याचा डोंगर आहे. जामगुडा म्हणजे गोंडांची पंधरा-वीस घरं. दफ्तरात त्या डोंगरापुढंही 'घास नदारद' होतं. ते त्यांनी लिहवलेलं नव्हतं. आमच्या बापांच्या वेळचा पटवारी आमच्याच ओसरीवर बसून दोन्ही डोंगरांची नोंद करून गेला होता; पलीकडं चालत जायचा त्याला कंटाळा आला, आणि आमच्यापैकी कोणीतरी, कदाचित माझ्याच बापानं, "तिकडं बी असंच हाय," म्हणून सांगितलं. ते लोक गवत कापून आणत नाहीत, गुरं डोंगरावरच राहतात. गंजी नाही, भोक नाही, दाखवायला काही नाही. साहेब दुसऱ्यांदा फसायला तयार नव्हते. त्यांनी जामगुड्याच्या लोकांचं 'गवत आहे' हे म्हणणं ऐकून घेतलं आणि तार लावली. काजूची रोपं आमच्या थंडीत दोन हिवाळ्यांत वाळून गेली. तार पुष्कळ वर्षं राहिली.

तार लागली त्याच साली, पोळा झाल्यावर, जामगुड्याचा जंगू साठ गुरं घेऊन खापरीच्या पायथ्याशी आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. गवत कमरेला लागलं होतं. वाटेवर डोमाजी काठी आडवी धरून उभा होता, मीही तिथंच होतो.

"इकडं नाई," डोमाजी म्हणाला. "हा बोरगव्हाणचा चराईचा डोंगर हाय. सरकारी कागद हाय आमच्यापाशी. इचार भगवानदादाले, त्याचीच सही हाय."

जंगूनं माझ्याकडं पाहिलं. "हो का, दादा?"

मी हो म्हणालो. मग त्याला माझ्या वाट्याची पट्टी दाखवली आणि म्हणालो, एवढ्यात सोड. घरी बयनाबाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली.

"अन्‌ उन्हाळ्यात आपल्या बैलाईपुढं काय टाकू? तुमची सही?"

माझ्या पट्टीतलं गवत साठ गुरांना चार दिवस पुरलं. बाकीच्या एकोणचाळीस पट्ट्यांवर कोणीतरी काठी घेऊन उभं होतं. पाचव्या दिवशी पहाटे जंगूनं गुरं पैनगंगेकडं हाकली. नदीपलीकडं त्याच्या बहिणीचं गाव होतं आणि मोठी कुरणं होती. पण पलीकडं आता दुसरं राज्य होतं. तो पाण्यातून वर चढला तेव्हा काठावरच्या सरकारी माणसानं त्याला अडवलं आणि गुरं कोणत्या गावची, त्याचा कागद कुठं आहे, ते विचारलं. कागद नव्हता; गुरं कोंडवाड्यात गेली आणि दंड भरावा लागला.

आठ दिवसांनी तो परतला, तेव्हा मी गुरं मोजली नाहीत. पुष्कळ कमी होती.